ह्यूम घराणे

ह्यूम घराणे : मुंबई आणि अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे पिढ्यानपिढ्या काम केलेले अमेरिकन मिशनरी कुटुंब. मूळ पुरुष रॉबर्ट विल्सन ह्यूम (१८०९–१८५४) पत्नी हॅना डर्बी सॅकेट यांच्यासह १८३९ मध्ये मुंबईत आले. त्यांच्या मुलांपैकी रॉबर्ट ॲलन यांनी नगरला आणि एडवर्ड सॅकेट यांनी भायखळ्याला आयुष्य वाहिले. नातवंडांत उपनिषदांचे भाषांतरकार, चीनमध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभारणारे डॉक्टर आणि नगरच्या बायकामुलांसाठी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई झाल्या. या नोंदीत वंशवेल लेकी-सुनांच्या अंगानेही काढली आहे. केवळ आडनाव धरून गेले, तर या घराण्याचा निम्मा इतिहास हातातून निसटतो.

राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम या घराण्यातले नव्हेत. ते ब्रिटिश सनदी अधिकारी होते. नावातील ‘ॲलन’मुळे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्याशी त्यांची गल्लत होते, ती टाळावी.

अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले तेव्हा झाला. नगरचे ठाणे १८३१ चे. मुंबईहून नगरकडे निघायचे, तर रेल्वे होण्याआधी बंदरातून होडीने खाडी ओलांडून पनवेल गाठावे लागे आणि तिथून बोरघाटाची चढण सुरू होई. हा पनवेलचा धक्का तेव्हा दख्खनचा दरवाजा होता. मिशनची माणसे, पुस्तकांच्या पेट्या, औषधे आणि टपाल याच वाटेने वर जात.

रॉबर्ट विल्सन यांचे काम मुख्यतः मुंबईतले. १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ पुढे मुंबईहून निघू लागले आणि त्याच्या संपादनाचा भार त्यांनी वाहिला. ज्योतिषापासून बालविवाहापर्यंत अनेक विषयांवर त्या काळी मराठीत जे वाद झडले, त्यांतले बरेचसे या पत्राच्या पानांवर किंवा त्याला उत्तर म्हणून झडले. हिंदू धर्मावर त्यातून होणारी टीका पुष्कळदा बोचरी असे. तिने दुखावलेल्या माणसांनी स्वतःची पत्रे काढून उत्तरे दिली, आणि मराठी वृत्तपत्रसृष्टी घडण्यात या ओढाताणीचाही वाटा आहे. प्रकृती ढासळल्यामुळे ह्यूम सहकुटुंब मायदेशी निघाले आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये केप ऑफ गुड होपच्या आसपास जहाजावरच वारले. थोरला रॉबर्ट तेव्हा सात वर्षांचा होता आणि एडवर्ड सहा वर्षांचा. दोघांचाही जन्म मुंबईचा. हॅनाबाईंनी वैधव्यात मुलांना अमेरिकेत वाढवले आणि या दोघांना येल विद्यापीठापर्यंत पोचवले. रॉबर्ट १८६८ मध्ये आणि एडवर्ड १८७० मध्ये पदवीधर झाले. कोशांतून हॅनाबाईंचे नाव एका ओळीत येऊन संपते, पण भर समुद्रात तुटलेला मुंबईचा धागा पुन्हा जोडला गेला तो त्यांनी वाढवलेल्या या मुलांमुळे.

रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) १८७४ मध्ये लग्न करून त्याच वर्षी नगरला आले आणि १९२६ पर्यंत, म्हणजे सुमारे बावन्न वर्षे, नगर हेच त्यांचे घर राहिले. त्यांच्या पत्नी ॲबी या एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. बर्जेस स्वतः १८३९ ते १८५४ या काळात याच मिशनमध्ये होते. मराठीतून ज्योतिषाचे पुस्तक लिहिण्याच्या निमित्ताने ते प्राचीन सिद्धांतग्रंथांकडे वळले आणि ‘सूर्यसिद्धांता’चे त्यांनी केलेले सटीप इंग्रजी भाषांतर १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. संस्कृतज्ञ व्हिटनी यांचे त्याला मोठे साहाय्य झाले. भारतीय गणित-ज्योतिषाच्या अभ्यासकाला आजही त्या भाषांतराचा आधार घ्यावा लागतो.

१८७८ मध्ये ह्यूम यांनी नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. गावोगावच्या मंडळ्यांसाठी मराठी पाळक इथेच तयार झाले. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून आला होता. गावकीच्या जाचातून सुटण्याची वाट, मुलांना शाळा आणि माणूस म्हणून मान या गोष्टी त्या लोकांनी या धर्मात शोधल्या. मिशनचे यशापयश मोजताना हे आधी ध्यानात घ्यावे लागते.

ह्यूम यांच्या आयुष्यातला कसोटीचा प्रसंग अमेरिकेत घडला. रजेवर गेले असता १८८६ मध्ये ते अँडोव्हरच्या धर्मविद्यालयाशी संबंधित मोठ्या वादात ओढले गेले. ख्रिस्ताचे नाव न ऐकताच जे मेले त्यांचे काय होणार, हा वादाचा प्रश्न होता. नगरमध्ये हा प्रश्न कोरा शास्त्रार्थ नव्हता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला आपल्या आजा-पणजांची चिंता वाटे आणि ते कायमचे नरकात गेले असे त्याला सांगणे ह्यूम यांच्या जिवावर येई. अशा माणसांना मृत्यूनंतरही संधी मिळू शकेल, असे मानायला जागा असावी या बाजूने ते बोलले. मिशनच्या बोर्डाने त्यांना परत पाठवणे अडवून धरले, हिंदुस्थानातले सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि अखेर १८८७ मध्ये ते परतले. नगरच्या साध्या माणसांच्या शंकेने बॉस्टनच्या धर्मपंडितांना पेचात टाकले, ही या घराण्याच्या इतिहासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे. शिकवण एकाच दिशेने वाहत नव्हती.

१८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेत, जिथे स्वामी विवेकानंद गाजले, तिथे ह्यूम यांनी ख्रिस्ती आणि हिंदू विचारांतील साम्यभेदांवर निबंध वाचला. मुंबईच्या ब्राह्मसमाजाचे नगरकरही त्या व्यासपीठावर होते. छप्पन्नच्या दुष्काळात (१८९९–१९००) ह्यूम यांनी अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपाची व्यवस्था पाहिली. ‘क्विटो’ जहाजातून आलेला मका मुंबईला उतरला, तो याच दुष्काळात. अनाथ झालेल्या मुलांची वसतिगृहे उभी राहिली. या कामासाठी सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. दुष्काळात आलेल्या अन्नाबरोबर धर्मही आला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो झटकून टाकता येणार नाही. तसेच त्या मक्याने आणि वसतिगृहांनी माणसे जगवली, हेही नाकारता येत नाही.

नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर नगरला आले आणि ह्यूम यांच्या विद्यालयात शिकवू लागले. ह्यूमसाहेब लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये भेटतात. परक्या धर्माच्या परक्या माणसाकडे पाहणारी लक्ष्मीबाईंची नजर इतकी स्वच्छ आहे की ह्यूम यांच्या इंग्रजी चरित्रापेक्षा मराठी वाचकाने आधी तिकडे वळावे. पुढे टिळकांना मिशनचे वर्चस्व जाचू लागले. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. साहेबाच्या देखरेखीखालची मंडळी आणि स्वतंत्र बाण्याचा मराठी कवी यांच्यात हे अंतर पडणे अटळ होते.

ॲबीबाई १८८१ मध्ये वारल्या. १८८७ मध्ये रॉबर्ट यांनी केटी फेअरबँक यांच्याशी विवाह केला. इथे दुसरे मोठे घराणे जोडले जाते. केटीबाईंचे वडील सॅम्युएल बेकन फेअरबँक (१८२२–१८९८) नेवासे तालुक्यातील वडाळ्याला राहत. धर्मोपदेशाबरोबर ते पक्षी आणि वनस्पतींचे बारकाईने निरीक्षण करत. दक्षिणेतील पळणी डोंगरांत त्यांना मिळालेल्या एका पक्ष्याला निसर्ग-अभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये त्यांचे नाव दिले आणि ‘फेअरबँकी’ हे पद त्या पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींची कुळे ओळखण्यासाठीही त्यांनी पुस्तक लिहिले. केटीबाईंची आई मेरी ही ‘ज्ञानोदया’चे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांची मुलगी. बॅलंटाइन यांनी रचलेली गीते मराठी चर्चमधल्या उपासनेत गायली गेली. त्यांचे चिरंजीव विल्यम राहुरीला डॉक्टर होते. फेअरबँकांची नात डॉ. रोझ आणि तिचे पती डॉ. लेस्टर बील्स यांनी वाईच्या मिशन रुग्णालयात काम केले. म्हणजे नगर, वडाळे, राहुरी आणि वाई ही गावे ह्यूम, बर्जेस, फेअरबँक आणि बॅलंटाइन या चार आडनावांच्या सोयरिकींनी एकमेकांना बांधली गेली होती, आणि ही बांधणी बहुतेक लेकींनी केली.

धाकटे एडवर्ड सॅकेट ह्यूम (१८४८–१९०८) १८७५ मध्ये मुंबईला आले. पत्नी शार्लट चँडलर यांचे माहेर तमिळ मुलखात, मदुरेच्या अमेरिकन मिशनमध्ये. त्यांचे बंधू जॉन चँडलर १९१३ मध्ये मद्रासच्या बृहत् तमिळ कोशाचे संपादक झाले. एडवर्ड आणि शार्लट यांनी भायखळ्याला मुलामुलींची एकत्र शाळा चालवली. तेच आजचे ह्यूम हायस्कूल.

तिसऱ्या पिढीत तिघे विशेष पुढे आले. डॉ. रूथ ह्यूम १९०३ मध्ये नगरला आल्या. मिशनने १९०४ मध्ये सुरू केलेल्या स्त्रिया आणि मुलांच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. पुरुष डॉक्टरपुढे जायला नगरची बाई तयार नसे, अशा काळात अवघड बाळंतपणासाठी बाई डॉक्टर हाताशी असणे म्हणजे काय, हे सांगायला आकडे लागत नाहीत. १९३९ मध्ये हे रुग्णालय मुक्तिफौजेकडे गेले आणि नगरकर त्याला आता बूथ हॉस्पिटल म्हणून ओळखतात. करोनाच्या साथीत नगर जिल्ह्यातल्या असंख्य रुग्णांवर तिथेच उपचार झाले.

याच पिढीतले एडवर्ड हिक्स ह्यूम (१८७६–१९५७) यांचा जन्म नगरचा. डॉक्टर झाल्यावर ते प्लेगच्या कामासाठी मुंबईत होते. १९०५ मध्ये येलच्या माणसांनी त्यांना चीनमध्ये, हुनान प्रांतातील चांगशाला बोलावून घेतले. १९०६ मध्ये एका लहान जागेत त्यांनी दवाखाना उघडला. पुढे प्रांतातल्या चिनी पुढाऱ्यांशी करार होऊन १९१४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. चिनी लोक त्यांना हू मेई या नावाने ओळखत. तिथल्या पारंपरिक वैद्यांकडे तुच्छतेने न पाहता त्यांच्याकडून शिकण्याची वृत्ती त्यांच्या ‘डॉक्टर्स ईस्ट, डॉक्टर्स वेस्ट’ (१९४६) या आत्मकथनात पानोपानी दिसते. चांगशाचे ते महाविद्यालय आज श्यांग्या या नावाने चीनमधील नामवंत वैद्यकीय केंद्र आहे. नगरला जन्मलेल्या माणसाने ते रुजवले, ही गोष्ट नगरच्या शाळांतून सांगायला हवी.

याच पिढीतले रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम (१८७७–१९४८) यांचे ‘द थर्टीन प्रिन्सिपल उपनिषद्स’ हे भाषांतर १९२१ मध्ये ऑक्सफर्डने छापले. इंग्रजीतून उपनिषदे वाचणाऱ्या दोन-तीन पिढ्यांच्या हाती हेच पुस्तक होते आणि त्याच्या आवृत्त्या भारतात अजून निघतात. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत ते धर्मांचा इतिहास शिकवत. आजोबांच्या पिढीने ‘ज्ञानोदया’तून ज्या धर्मावर तोफा डागल्या, त्याच धर्माचा ग्रंथ नातवाने आदराने उलगडला. रॉबर्ट ॲलन यांनी शिकागोत साम्यभेद मांडले, ते या दोन टोकांच्या मध्ये. एका कुटुंबाची दृष्टी ऐंशी वर्षांत किती सरकली, याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी मुलखातल्या मिशनरी घराण्यांत दुसरे मला तरी दिसत नाही. याच मिशनमधील अ‍ॅबट घराण्यात मात्र त्याला जवळचे काम झाले : आमोस अ‍ॅबट यांचे पुत्र जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतर एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्या चरित्रांची आणि रचनांची इंग्रजी भाषांतरमाला काढली.

रॉबर्ट ॲलन ह्यूम १९२९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधील ब्रुकलाइनला वारले. नगरमधील ह्यूम मेमोरियल चर्च त्यांच्या घराण्याचे नाव चालवते. मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. चौथ्या पिढीपासून कुटुंब अमेरिकेत विखुरले, त्यामुळे ही नोंद इथे थांबते. हयात वंशजांची नावे दिलेली नाहीत.

या घराण्याची कागदपत्रे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयातील मिशन बोर्डाच्या दप्तरात आणि येल विद्यापीठात जतन केलेली आहेत. त्यांत बाजू दिसते ती पत्र लिहिणाऱ्याची. ज्यांना शिकवले, ज्यांच्यावर उपचार केले आणि ज्यांच्याकडून ही मंडळी मराठी शिकली, त्यांची नावे नगर, वडाळे, राहुरी आणि भायखळा इथल्या चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह नोंदवह्यांत आणि ‘ज्ञानोदया’च्या जुन्या अंकांत आहेत. ज्यांच्या घरी असे अंक, वह्या किंवा पत्रे असतील, त्यांनी ती जपावीत आणि अभ्यासकांना पाहू द्यावीत.