भोगीचं गाजर आणि त्याचं बियाणं

मंडळी, आज आपण कसबा पेठेत जमलो आहोत, तेव्हा सुरुवात इथल्याच स्वयंपाकघरातून करू. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, वांगी, पावटा, ओला हरभरा, बोरं आणि गाजर घालून मिसळीची भाजी होते. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे गाजर आपल्याला इतकं घरचं वाटतं, की ते मुळात बाहेरून आलंय हे सांगावं लागतं.

लागवडीचं गाजर मध्य आशियातलं, आजच्या अफगाणिस्तानाच्या आसपासचं. सुमारे हजार वर्षांपूर्वी ते जांभळं नाहीतर पिवळं असे. तिथून पश्चिमेला गेलेलं गाजर सतराव्या शतकापर्यंत हॉलंडमध्ये नारिंगी झालं, आपल्याकडे लाल रुजलं.

पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरे. 1886 मध्ये रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उघडली आणि बाजार तिकडे गेला. जागा बदलली, तरी लाल गाजर थंडीतच यायचं. आज मात्र निलगिरीसारख्या थंड भागातून नारिंगी गाजर बारमाही येतं. पाला काढून, शून्य अंशाजवळ, भरपूर दमटपणात ठेवलं की ते कित्येक आठवडे टिकतं. फक्त सफरचंदाशेजारी ठेवू नये. पिकत्या फळातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ते कडवट होतं.

मग बिघडलं कुठे? तर बियाण्यात. गाजर पहिल्या हंगामात मूळ पोसतं, थंडी लागल्यावर फुलतं. युरोपीय जातींना ही थंडी जास्त लागते, म्हणून त्यांचं बी डोंगराळ भागात तयार होतं आणि आपला शेतकरी ते विकत घेतो. देशी लाल गाजर थोड्या थंडीवरही फुलतं. निवडक गाजरं शेंड्याशी थोडा पाला ठेवून पुन्हा लावली, की शेतकऱ्याला घरचं बी मिळतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने देशी लाल आणि नँटिस यांच्या संकरातून ‘पुसा केसर’ काढली, त्यातही हा गुण जपला.

म्हणून येत्या भोगीला मंडईत गेलो, की लाल गाजर मुद्दाम मागू या. मागणी राहिली, तरच कोणी ते पेरेल. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असं आपण म्हणतो खरं. पण सगळीच खाल्ली तर बियाला काय उरणार?