पेपरच्या रंगाची जर्सी

वसई रोड किंवा विरार स्टेशनच्या पेपर स्टॉलवर गुलाबी गठ्ठा दिसला की तो ‘इकॉनॉमिक टाइम्स’ हे लांबूनच कळतं, नाव वाचावं लागत नाही. शतकापूर्वीच्या पॅरिसमध्येही पेपर असेच रंगावरून ओळखले जात. ‘ल वेलो’ हिरवा, ‘लोतो’ पिवळा. आज ‘टूर द फ्रान्स’मध्ये आघाडीवरच्या सायकलपटूच्या अंगावर दिसते ती पिवळी जर्सी या दोन पेपरांच्या भांडणातून आली.

भांडण मुळात सायकलवरून नव्हतंच. द्रेफ्यूस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि सारा फ्रान्स दुभंगला. ‘ल वेलो’चा संपादक पिएर जिफार द्रेफ्यूसच्या बाजूचा, तर त्याला जाहिराती देणारे काही बडे कारखानदार विरुद्ध बाजूचे. त्यांनी 1900 साली आपला वेगळा पेपर काढला, तोच पुढे ‘लोतो’, आणि आंरी देग्रांज या माजी सायकलपटूला संपादकाच्या खुर्चीत बसवलं. पेपर काही खपेना. नोव्हेंबर 1902 मध्ये जेवता जेवता जेओ लफेव्र या तरुण बातमीदाराने सुचवलं, सगळ्या फ्रान्सला वेढा घालणारी शर्यत घेऊ या.

1 जुलै 1903 रोजी पॅरिसजवळच्या मोंजरोंहून 60 जण निघाले. सहा टप्पे, 2,428 किलोमीटर. मोरिस गारां जिंकला तो पावणेतीन तासांहून अधिक फरकाने; एवढं अंतर पुढे कुणालाच राखता आलेलं नाही. ‘लोतो’चा खप 25 हजारांवरून 65 हजारांवर गेला आणि पुढच्याच वर्षी ‘ल वेलो’ बंद पडला. पेपर खपवायच्या युक्त्या आपणही पुष्कळ पाहिल्या, पण ही सगळ्यांच्या वरताण.

जर्सी मात्र अजून यायची होती. टप्प्यांच्या शर्यतीत एक अडचण असते. सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवून ज्याचा सर्वांत कमी, तो पुढे. त्यामुळे आज रेषा आधी ओलांडणारा एकूण हिशेबात मागेही असू शकतो. रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला हे कळणार कसं? त्यात 1919 साली, महायुद्ध नुकतंच संपलेलं, बहुतेक स्पर्धकांच्या अंगात एकसारख्याच करड्या जर्सी. मग देग्रांजने आपल्याच पेपरचा रंग निवडला. 19 जुलैला ग्रेनोब्लमध्ये पहिली पिवळी जर्सी यूजेन क्रिस्तोफने अंगात घातली. लोक त्याला ‘कॅनरी’ म्हणून चिडवू लागले. बेल्जियमच्या फिलिप तिसने आपण 1913 मध्येच पिवळी जर्सी घातल्याचा दावा पुढे केला. त्याला पुरावा मिळालेला नाही.

क्रिस्तोफ म्हणजे दुर्दैवाचे दशावतार. 1913 मध्ये तुर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुरुस्ती स्वतःच करायची, असा नियम. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावातल्या लोहाराकडे पोहोचला आणि ऐरणीवर स्वतः ठोकून चिमटा जोडला. भाता मात्र एका पोराने हलवला, म्हणून पंचांनी वर दंडही लावला! 1919 मध्ये पिवळी जर्सी अंगात असताना शेवटून दुसऱ्या टप्प्यात पुन्हा चिमटाच मोडला. शर्यत फिरमां लांबो जिंकला, क्रिस्तोफ तिसरा आला. लोकांनी वर्गणी काढून त्याला पैसे दिले. चाळिसाव्या वर्षापर्यंत तो या शर्यतीत उतरत राहिला, पण ती त्याला कधीच जिंकता आली नाही.

पेपरच्या रंगाची ही रीत मग इटलीनेही उचलली. ‘गझेत्ता देल्लो स्पोर्त’ गुलाबी कागदावर निघतो, म्हणून तिथल्या ‘जिरो’ या सायकल शर्यतीच्या आघाडीवीराला 1931 पासून गुलाबी जर्सी. ‘टूर’मधल्या ‘डोंगरांच्या राजाची’, म्हणजे घाट चढण्यात अव्वल असलेल्याची, लाल ठिपक्यांची जर्सी 1975 ची; तिची नक्षी मात्र पेपरवरून नव्हे, एका चॉकलेट कंपनीच्या वेष्टणावरून आली असं सांगतात. आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीतही बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि कोण जिंकलं हे विसरलेल्यांनाही हा किताब आठवतो.

‘लोतो’ आता नाही. जर्मन ताब्याच्या काळातही निघत राहिला म्हणून 1944 मध्ये तो बंद करण्यात आला. त्याच्या जागी 1946 साली ‘लेकिप’ निघाला, तो पांढऱ्या कागदावर. 1947 मध्ये ‘टूर’ पुन्हा सुरू झाली तेव्हा आघाडीवीराची जर्सी पिवळीच ठेवली गेली.