उतारवयांतील विषाद : दप्तरांतील व दप्तराबाहेरील

कल्याण, पनवेल व मुंब्रा यांकडील रस्ते जेथें मिळतात त्या शीळफाट्यावरून मुंब्र्याच्या वाटेनें गेलें असतां ठाणें लागतें. तेथील मनोरुग्णालय १९०१ सालचें. या टापूंतील वृद्धांच्या विषादाचा इतिहास लिहूं जाणारा अभ्यासक प्रथम त्याचींच दप्तरें मागेल. परंतु तेवढ्यानें भागणार नाहीं, असें आमचें मत आहे.

कारण उघड आहे. १९१२ च्या ४ थ्या कायद्यानें पोलिसांस जो अधिकार दिला, तो भटकणाऱ्या किंवा धोकादायक वेड्यास धरण्याचा. स्वेच्छेनें राहण्याची सोय त्यांत होती. तथापि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेल्या आजोबांस कोण धरणार? 'वय झालें' म्हणून घरचे मोकळे होत. मौनाची नोंद दप्तरांत होत नसते.

वैद्यकास मात्र हा विकार अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, २० व्या अध्यायांत वाताचे ८० विकार सांगितले आहेत. त्यांत विषाद आहे व निद्रानाशही आहे. वयाच्या अखेरीस वाताचें प्राबल्य असतें, असें वाग्भट सांगतो. चरकाच्या ११ व्या अध्यायांतील त्रिविध औषधांपैकीं तिसरें सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरणें. प्राचीनांचा विषाद व आजचा नैराश्यरोग सर्वथा एकच, असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यांनीं तो विकारांत गणला, एवढें निश्चित.

अर्वाचीन उपचारांचा क्रम असा: १९३८ त रोम येथें विजेचा उपचार सुरू झाला, १९५७ त स्विस वैद्य कून यांनीं इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. १९८२ त येसावेज प्रभृतींनीं वृद्धांसाठीं ३० प्रश्नांची 'होय-नाहीं' अशी प्रश्नावली रचली. झोंप व भूक वयानेंही बिघडतात, म्हणून त्यांविषयींचे प्रश्न तींतून वगळले. आज थायरॉईडचे विकार, ब-१२ ची उणीव व स्मृतिभ्रंश तपासून, संवादोपचार व अल्प मात्रेपासून वाढविलेलें औषध देतात. आणि पुष्कळ वृद्ध बरे होतात.

संग्राहकांस विनंति कीं, वैद्यांचीं बाडें व घरगुती पत्रें चाळतांना, 'अन्न गोड लागत नाहीं, जीव रमत नाहीं' अशा अर्थाचा मजकूर दिसल्यास तो किरकोळ म्हणून टाकूं नये. त्याची तारीख व लिहिणाऱ्याचें वय टिपून ठेवावें. आणि तेच शब्द आपल्याच घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूं आले, तर टिपण नंतर करावें. आधीं त्यांस वैद्याकडे न्यावें.