सावली वीतभर, तूट निम्मी!

देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले आणि पालघर-बोईसर पट्ट्याचे विजेशी नाते जडले. आज येथील कारखानदार आणि जमीनमालक यांच्यापुढे सौरविजेचाही पर्याय आहे. अशा प्रकल्पाच्या प्रस्तावाचा कणा म्हणजे संगणकाने काढलेला वार्षिक वीजनिर्मितीचा अंदाज. बँकेचे कर्ज, हप्ते आणि गुंतवणूक वसूल होण्याची मुदत त्यावरच ठरते. पॅनेल सूर्यामागे फिरणारे असतील, तर या अंदाजातील एक आकडा विशेष बारकाईने पाहावा लागतो. तो म्हणजे सावलीमुळे होणारी विद्युत तूट.

लाभ आणि सावली एकाच वेळी

एक-अक्षीय ट्रॅकरमध्ये पॅनेलांची रांग उत्तर-दक्षिण अशा आडव्या दांड्यावर बसविलेली असते. मोटरच्या साहाय्याने ती सकाळी पूर्वेकडे, दुपारी आकाशाकडे आणि सायंकाळी पश्चिमेकडे तोंड करते. पालघर सुमारे १९.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मे आणि जुलैच्या उत्तरार्धात सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो. दुपारी स्थिर पॅनेललाही भरपूर ऊन मिळते. ट्रॅकरची खरी कमाई सकाळ-सायंकाळची. अडचण अशी, की शेजारच्या रांगांच्या सावल्या एकमेकींवर पडतात त्याही याच वेळी. सावलीचा हिशेब चुकला, तर ज्या जादा विजेसाठी ट्रॅकरचे जादा पैसे मोजले, नेमकी तीच वीज कागदावर फुगते.

क्षेत्रफळ फसवते

पॅनेलचा सातवा भाग सावलीत गेला, तर वीजही सातव्या भागानेच घटेल, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही. पॅनेलमधील सेल एकापुढे एक अशा माळेत जोडलेले असतात आणि माळेतून सर्वत्र सारखाच प्रवाह वाहतो. त्यामुळे सर्वांत दुबळा सेल साऱ्या माळेचा प्रवाह ठरवितो. पाण्याची नळी एके ठिकाणी दाबली की सगळा प्रवाह मंदावतो, तसाच हा प्रकार. सावलीतील सेल तापून खराब होऊ नये म्हणून पॅनेलमध्ये साधारणपणे तीन बायपास डायोड असतात. ते बाधित भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात. मात्र त्या भागाची वीज गमवावी लागते.

एक उदाहरण घेऊ. पॅनेलांची रांग २ मीटर रुंद आणि दोन रांगांच्या मध्यरेषांतील अंतर ५ मीटर आहे. पूर्व-पश्चिम प्रतलात मोजलेली सूर्याची उंची सुमारे २४ अंशांखाली गेली, की एका रांगेची सावली दुसरीवर पडू लागते. पालघरच्या अक्षांशावर विषुवदिनी हा काळ सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी प्रत्येकी सुमारे १०० मिनिटांचा येतो. सूर्य २० अंशांवर असताना पॅनेलची खालची सुमारे २९ सेंटिमीटरची पट्टी, म्हणजे साडेचौदा टक्के क्षेत्र, सावलीत असते. पॅनेल उभे बसविलेले असेल, तर ही पट्टी तिन्ही डायोडांच्या भागांना एकाच वेळी छेदते. परिणामी जुन्या पद्धतीच्या अखंड सेलच्या पॅनेलमध्ये थेट उन्हापासून मिळणारी जवळजवळ सगळी वीज जाते. अलीकडच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये वरचा व खालचा भाग समांतर जोडलेला असतो. तेथे निम्मी वाचते. आकाशातून विखरून येणाऱ्या प्रकाशाची वीज मात्र दोन्हींत बव्हंशी टिकते.

उलट फिरण्याची युक्ती

यावर ‘बॅकट्रॅकिंग’ हा उपाय आहे. सूर्य खाली असताना पॅनेल त्याच्याकडे पूर्ण तोंड न करता थोडे सपाट होते आणि सावली टळते. वरील उदाहरणात ७० अंश कलण्याऐवजी पॅनेल सुमारे ३९ अंशांवर थांबेल. किरण तिरपे पडल्याने येथेही साडेचौदा टक्केच थेट प्रकाश कमी मिळतो. पण ही घट सर्व सेलमध्ये सारखी वाटली जाते, त्यामुळे वीजही जवळपास तेवढीच घटते. गमावलेला प्रकाश दोन्ही वेळा सारखाच; गमावलेल्या विजेत मात्र मोठा फरक!

ही युक्ती सपाट जमिनीचे सूत्र वापरते. जमीन चढ-उताराची असेल, तर सावली पुन्हा डोकावते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या केविन अँडरसन व मार्क मिकोफ्स्की यांच्या अहवालात उतार जमेस धरणारे सूत्र मांडले आहे.

येथील जमीन, येथील आकाश

पालघर तालुक्याचे दोन चेहरे आहेत. तारापूरच्या बाजूला पश्चिमेस समुद्र असल्याने सूर्य क्षितिजापर्यंत दिसतो आणि मावळतीची लांब सावली पूर्णपणे हिशेबात येते. पूर्वेला वाघोबा खिंड आणि काळदुर्गाच्या परिसरात डोंगर आहेत. डोंगरालगतच्या जमिनीवर सकाळचे ऊन उशिरा पोहोचते. डोंगर साऱ्या प्रकल्पाचे थेट ऊन एकदम अडवितो, तर रांगेची सावली पॅनेलचा एखादा भागच झाकते. म्हणून दोहोंचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. पावसाळ्यात ढगांमुळे विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण वाढते. त्या महिन्यांत ट्रॅकरचा लाभ घटतो आणि सावलीची विद्युत तूटही. वर्षाच्या एकाच सरासरीत हा भेद लपून जातो.

अहवालात काय पाहावे?

जिनिव्हा विद्यापीठात आंद्रे मर्मूद यांनी विकसित केलेल्या ‘पीव्हीसिस्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये सावलीचा हिशेब केवळ क्षेत्रफळानुसार करता येतो, तसाच माळांच्या रचनेनुसारही. अहवाल हाती आल्यावर पुढील गोष्टी विचाराव्यात :

- सावलीची तूट माळांच्या रचनेनुसार काढली आहे काय?
- पॅनेल उभे की आडवे, सेल अखंड की अर्धे, हे त्यात नोंदविले आहे काय?
- बॅकट्रॅकिंग गृहीत धरले असल्यास जमिनीचा उतार प्रत्यक्ष मोजला आहे काय?
- डोंगर, धुराडी, विजेचे मनोरे आणि शेजारच्या इमारती आराखड्यात आहेत काय?
- महिनानिहाय तक्ता जोडला आहे काय?

या प्रश्नांची उत्तरे करारावर सही करण्यापूर्वी लेखी घेणे इष्ट. ट्रॅकरचे खांब एकदा जमिनीत रोवले, की रांगांमधील अंतर बदलणे जवळपास अशक्य असते.