युद्धकाळातील परसबाग

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४१ पासून, ब्रिटनमध्ये अंड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. माणशी आठवड्याला साधारण एक अंडे मिळे. हा हक्क सोडणाऱ्या कुटुंबाला कोंबड्यांसाठी पूरक खाद्य दिले जाई. ते बटाट्याच्या उकडलेल्या सालींत मिसळले जाई. या व्यवहाराची कसोटी हिवाळ्याच्या आरंभी लागे. दिवस आखूड होत, पिसे झडलेल्या कोंबड्या अंडी देईनाशा होत आणि वसंतात सोडियम सिलिकेटच्या द्रावणात राखून ठेवलेली अंडी पुरवून वापरावी लागत. परसातील कोबीची बाहेरची पाने कोंबड्यांना घातली जात, तर त्यांची विष्ठा खत म्हणून वाफ्यांत परत येई. ‘विजयासाठी खणा’ ही हाक शासनाची होती. अंडे सोडून कोंबडी पत्करण्याची जोखीम मात्र घरांनी उचलली. युद्धाच्या इतिहासात तिचीही गणना व्हायला हवी.