वांकडा कणा

बळ ही जन्मतःच लाभणारी देणगी आहे, असा समज आपल्या घरोघरीं दृढ आहे. मुलगा हाडापेरानें मजबूत निघाला तर तालमींत घालावा, अशक्त निघाला तर पुस्तकांपाशीं बसवावा, ही वाटणी ठरलेलीच. पॉवरलिफ्टिंग ह्या खेळाचा इतिहास पाहतांना आम्हांस ह्या समजाविषयीं शंका येऊं लागली.

खेळ तसा अर्वाचीन. खांद्यांवर भार घेऊन बैठक मारणें, बाकावर उताणें पडून दांडी छातीवरून वर ढकलणें, आणि भुईवरची दांडी धरून ताठ उभें राहणें, ह्या तीन प्रकारांस ऑलिंपिकच्या भारोत्तोलनांत स्थान नव्हतें. ते एकत्र करून १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत स्पर्धा सुरू झाल्या. १९७१ सालीं तेथील यॉर्क शहरीं पहिली जागतिक स्पर्धा झाली व पुढच्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. पुढें उत्तेजक औषधांच्या तपासणीवरून तंटे होऊन संघटनाही फुटल्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

नियम मात्र मोठे मार्मिक आहेत. प्रत्येक प्रकारास संधि तीनच. छातीवर आणलेली दांडी स्थिर होऊन पंचाची आज्ञा होईपर्यंत ढकलावयाची नाहीं. भार उचलून झाला तरी आज्ञेवांचून खालीं ठेवावयाचा नाहीं. अनेक महिन्यांची मेहनत एका क्षणाच्या उतावीळपणानें वायां जाते. ह्या खेळाचें मर्म आम्हांस त्या थांबण्यांत दिसतें.

अमेरिकेंतील फ्लिंट गांवच्या लमार गँटच्या पाठीच्या कण्यास मोठा बांक होता. असल्या मुलास आपण ओझें उचलूं दिलें असतें काय? १९८५ सालीं साठ किलोंच्या गटांत ह्याच गँटनें भुईवरून ३०० किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पांचपट, भार उचलला. असें करणारा तो पहिला. १५ वेळां तो जगज्जेता ठरला. बांकामुळें धड आंखूड, त्यांत हात लांब, म्हणून दांडी थोडीच वर न्यावी लागे, असें कांहीं जाणकार म्हणतात. तें खोटें नव्हे. पण बांकानें अंतर कमी केलें, भार कमी केला नाहीं.

पंजाबांतील राजिंदरसिंग रहेलू ह्यांचे पाय बालपणींच पोलिओनें निकामी झाले. २००४ सालीं अथेन्सच्या पॅरालिंपिकमध्यें ५६ किलोंच्या गटांत बाकावर पडून त्यांनीं १५७.५ किलो भार ढकलला व कांस्यपदक मिळविलें. तेथेंही दांडी आधीं छातीवर स्थिर करावी लागते.