धेंपो : एका फुटबॉल क्लबाची हकीकत

सप्टेंबर २०२४ मध्ये येथील के. डी. सिंग ‘बाबू’ स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ह्या कलकत्त्याच्या दोन क्लबांचा सामना झाला, तेव्हा आमच्या कचेरीतील बंगाली मंडळींच्या उत्साहाला नुसते उधाण आले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांतील एका दादांनी मला विचारले, “तुम्हा मराठी लोकांचा फुटबॉलशी संबंध काय?” मी गोव्याचे नाव घेतले. दादा हसले, परंतु त्या हसण्यात पूर्वीचा आत्मविश्वास मात्र राहिला नव्हता. त्याचे कारण धेंपो स्पोर्ट्स क्लब.

गोव्यात फुटबॉल आला तो पोर्तुगीजांकरवी नव्हे. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका धर्मगुरूने १८८३ मध्ये शिवोली येथे तो प्रथम आणला, असे मानले जाते. पुढे चर्चच्या शाळांतून तो गावोगाव पसरला. तथापि तो केवळ ख्रिस्ती वस्तीचा खेळ राहिला नाही, ह्याची साक्ष ह्याच क्लबाच्या जन्मकथेत आहे. डिचोलीत एक लहानसा क्लब होता. खाणींच्या व्यवसायात पुढे आलेल्या धेंपे घराण्याने १९६८ च्या सुमारास तो आपल्याकडे घेतला. (मराठीत घराणे ‘धेंपे’ आणि क्लब ‘धेंपो’, पोर्तुगीज लेखणीने केलेला हा घोटाळा गोव्यातील कितीतरी आडनावांना भोगावा लागला आहे.) ज्या घराण्याने पुढे ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिक चालविले, त्याच घराण्याने हा चेंडूही सांभाळला.

मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकून क्लबाने आपले नाव गोव्याबाहेर नेले. परंतु त्याचा खरा उत्कर्षकाळ आर्मांदो कुलासो ह्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आला, आणि त्याच्या आरंभीच एक मृत्यू उभा आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता. प्रतिपक्षी मोहन बागान. क्रिस्तियानो ज्युनियर हा पंचवीस वर्षांचा ब्राझीलियन खेळाडू त्याच हंगामात धेंपोकडे आला होता. त्याने दोन गोल केले. पण दुसरा करताना प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो मैदानावरच कोसळला, तो पुन्हा उठला नाही. सामना धेंपोने २–० असा जिंकला. असा विजय कोणी कसा साजरा करावा? क्लबाने त्याचा दहा क्रमांकाचा सदरा कायमचा मिटून ठेवला, आणि उरलेला हंगाम खेळून राष्ट्रीय लीगही जिंकली. मला विचाराल तर क्लबाच्या साऱ्या इतिहासात ह्याहून अवघड विजय दुसरा नाही.

त्यानंतर यश वारंवार येत गेले. २००६–०७ मध्ये पुन्हा राष्ट्रीय लीग. २००७–०८ मध्ये नव्यानेच सुरू झालेली आय-लीग. मग २००९–१० आणि २०११–१२. एकूण पाच विजेतेपदे झाली, तेव्हा कलकत्त्याच्या दोन्ही बड्या क्लबांजवळ प्रत्येकी तीनच होती! २००८ मध्ये आशियाई चषकस्पर्धेत सिंगापूरच्या होम युनायटेडला नमवून धेंपोने उपांत्य फेरी गाठली. रँटी मार्टिन्स ह्या नायजेरियन खेळाडूने २०११–१२ च्या एका हंगामात बत्तीस गोल केले. आमच्या दादांचे हसू पातळ झाले ते ह्या आकड्यांपाशी.

ओहोटी मात्र मैदानावर सुरू झाली नाही. धेंपे घराण्याने खाणीचा व्यवसाय २००९ मध्येच विकला होता. २०१२ मध्ये गोव्यातील खाणकामच थांबले आणि ज्या पैशावर तेथील क्लब पोसले गेले तो झराच आटला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. तीतील एफ.सी. गोवा ह्या नव्या संघाच्या मालकांत श्रीनिवास धेंपे स्वतःही होते; म्हणजे नव्या घराची वीट रचणारे हात जुन्या घराचेच. धेंपो २०१५ मध्ये खालच्या श्रेणीत उतरला, २०१६ मध्ये ती श्रेणी जिंकून वर येण्याचा हक्क त्याने मिळविला, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतले. साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे दुसरे दोन क्लब त्याआधीच बाहेर पडले होते. जुन्या क्लबांना देशाच्या नव्या योजनेत मान उरला नाही, ही त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण एका घराण्याच्या तिजोरीवर उभा असलेला क्लब त्या घराण्याच्या निर्णयासरशी आठ वर्षे राष्ट्रीय पटलावरून नाहीसा होतो, हेही नजरेआड करता येत नाही.

२०२४ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये आला. त्या हंगामात त्याच्यासमोर आपल्या ह्या प्रांतातलाच, वाराणसीचा इंटर काशी हा संघही होता. दादांना मी ते सांगितले. ते म्हणाले, “मग तुम्ही कोणाच्या बाजूने? लखनौचा पगार खाता ना?” मी उत्तर न देता फाइल उघडली.